काळजाच्या दाराला कापडाची किनार

सोलापूरच्या पूर्व भागात सकाळी फिरायला निघालात तर घड्याळ घरी ठेवलं तरी चालतं. यंत्रमागांचा खडखडाट सुरू झाला की दिवस उजाडला. धोटा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, मिनिटाला शंभराच्या आसपास फेऱ्या मारतो. पण तोही थांबतो. धागा तुटला की थांबतो, कांडी संपली की थांबतो, वीज गेली की थांबतो.

छातीत चाललेल्या मागाला यातली एकही सवलत नाही. मिनिटाला सत्तर ठोके धरा: दिवसाला एक लाख, वर्षाला साडेतीन कोटींच्या वर. दर ठोक्याला हृदयातली चार दारं एकदा उघडतात आणि एकदा मिटतात. या दारांची पानं जेमतेम मिलिमीटरभर जाड, काही ठिकाणी त्याहूनही पातळ. त्यांना स्वतःचा स्नायू नाही. रक्ताचा रेटा आला की उघडायचं, मागून दाब आला की मिटायचं, एवढंच त्यांचं काम. ते सत्तर-ऐंशी वर्षं बिनबोभाट चालतं, तेव्हा त्याचं आपल्याला काहीच वाटत नाही.

नवल वाटायला लागतं ते दार बिघडल्यावर. डॉक्टर ते खराब दार कापून काढतात आणि तिथे कारखान्यात बनलेलं नवं दार बसवतात. पुस्तकी मराठीत आपण त्याला झडप म्हणतो. दवाखान्याच्या बाकड्यावर बसलेली माणसं मात्र ‘वॉल बदलला’ असंच म्हणतात. पुढचा प्रश्न कुणीही विचारेल: हा बदललेला वॉल किती वर्षं टिकतो? आणि ज्याच्या काळजात तो बसवला, तो माणूस?

दहाच्या नाण्याएवढं दार

खिशातलं दहा रुपयांचं नाणं काढून तळहातावर ठेवा. त्याचा व्यास 27 मिलिमीटर. मोठ्या माणसाच्या डाव्या कप्प्यांमधल्या दाराच्या, म्हणजे मायट्रल झडपेच्या जागी बसवायची कृत्रिम झडप साधारण याच मापाची असते.

आता त्या नाण्याच्या जागी भारतात बनलेली चित्रा झडप आहे अशी कल्पना करा. मधोमध पांढरट प्लॅस्टिकची चकती. तिच्याभोवती कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूची चकचकीत कडी. कडीला दोन बाक, चकतीला धरून ठेवणारे. बोटाने हलकेच ढकललं की चकती तिरकी होऊन उघडते, सोडली की मिटते. आणि कडीच्या बाहेरून गोल फिरलेली पांढरी, मऊ, फुगीर किनार. ती कापडाची आहे, पॉलिएस्टरची. सर्जन सुई घालतो ती या कापडात. धातू काळजाला शिवता येत नाही, कापड शिवता येतं. चादरी-टॉवेलांच्या गावाने हे जरूर ध्यानात ठेवावं.

शरीरात कापड शिवायची ही वाट रुळली त्यात एका शिलाई मशीनचाही वाटा आहे. 1950 च्या दशकात अमेरिकेतले सर्जन मायकेल डिबेकी कृत्रिम रक्तवाहिनीसाठी ह्यूस्टनच्या एका दुकानात नायलॉन आणायला गेले. नायलॉन संपलं होतं. त्यांना डेक्रॉन नावाचं नवं कापड मिळालं. ते घेऊन ते घरी आले आणि बायकोच्या शिलाई मशीनवर त्याची नळी शिवली. शिवण त्यांना लहानपणी आईनेच शिकवलेली होती. डेक्रॉन म्हणजे पॉलिएस्टरच, आणि ते शरीराला चालतं असं दिसून आलं.

‘चालतं’ हा शब्द तोकडाच आहे. टाके घातल्यावर पुढच्या काही आठवड्यांत, महिन्यांत शरीर त्या कापडात शिरतं. विणीच्या भोकांतून पेशी आत जातात, तंतू पसरतात, वरून गुळगुळीत अस्तर धरतं. काही महिन्यांनी किनार परकी राहत नाही; काळजाने ती आपल्यात विणून घेतलेली असते. धातू आणि चकती मात्र शेवटपर्यंत पाहुणीच राहतात. झडप बदलल्यानंतरची पुढची सगळी वर्षं या दोन गोष्टींवर चालतात: शरीराने काय आपलं मानलं आणि काय मानलं नाही.

दार खराब का होतं

समजण्यासाठी एक काल्पनिक बाई धरू. वय बत्तीस. टॉवेलच्या कारखान्यात मशीनवर किनारी शिवते. दहाव्या वर्षी तिचा घसा दुखला, ताप आला, चार दिवसांत बरं वाटलं. दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजला, मग घोटा, मग मनगट. तेही बरं झालं. घरात एका खोलीत सहा माणसं. कुणाच्या काय लक्षात राहणार?

घशातला तो जंतू स्ट्रेप्टोकोकस. त्याच्याशी लढायला शरीराने जे सैन्य उभं केलं त्याची ओळख चुकली आणि ते आपल्याच सांध्यांवर, हृदयावर चालून गेलं. हा संधिवाती ताप. सांधे सुधारतात, झडप सुधारत नाही. वर्षानुवर्षं तिच्यावर वण धरत जातात, पानं कडांना एकमेकांना चिकटतात. निरोगी मायट्रल झडपेचं तोंड चार ते सहा चौरस सेंटिमीटरचं असतं. हिचं आक्रसत दीडच्या खाली आलं. शर्टाच्या काजासारखी फट उरली. गरोदरपणात शरीरातलं रक्त जवळजवळ निम्म्याने वाढतं, आणि इतकं रक्त त्या काजातून जाईना, तेव्हा पहिल्यांदा तिला धाप लागली. आपल्याकडे कितीतरी बायकांचा हा आजार असा बाळंतपणातच उघडा पडतो.

चिकटलेली पानं लवचीक असतील तर फुगा घालून ती सुटी करता येतात, आणि दुरुस्ती जमत असेल तर ती बदलण्यापेक्षा बरी. पानं चुन्यासारखी कडक झाली असली की बदलण्याला पर्याय उरत नाही.

पूर्वी या ऑपरेशनसाठी सोलापूरकराने सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडून मुंबई गाठायची, किंवा पुणे, आणि शेताचा तुकडा नाहीतर मंगळसूत्र गहाण ठेवायचं, अशी रीत होती. 2 जुलै 2012 रोजी राज्य सरकारची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात सोलापूर होतं. हीच आताची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. झडप बदलण्याचं ऑपरेशन तिच्यात बसतं.

पिंजऱ्यातला चेंडू आणि तीनदा हरलेली झडप

1958 साली अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात लोवेल एडवर्ड्स नावाचे निवृत्त इंजिनियर तरुण सर्जन अल्बर्ट स्टार यांच्याकडे गेले. एडवर्ड्स यांना अख्खं कृत्रिम हृदय बनवायचं होतं. स्टार म्हणाले, आधी एक झडप बनवू. त्यातून निघाला धातूचा छोटा पिंजरा आणि त्यात वरखाली होणारा सिलिकॉनचा चेंडू. पहिला रुग्ण काही तासांतच गेला. दुसरा, 52 वर्षांचा माणूस, घरी गेला आणि पुढे दहा वर्षं जगला. मेला तो हृदयाने नाही. घराला रंग देताना शिडीवरून पडून. त्या पद्धतीच्या काही झडपा चाळीसहून जास्त वर्षं चालल्याची नोंद आहे.

पुढे तिरकी होणारी चकती आली, आणि 1977 मध्ये दोन अर्धगोल पानांची झडप. त्या पानांवरचा कार्बन मुळात अणुभट्टीच्या इंधनकणांवर मुलामा द्यायला तयार केलेला होता. रक्ताला तो बराच मानवला.

या परदेशी झडपा आपल्या माणसाच्या खिशाला परवडत नव्हत्या. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वल्याथन यांनी देशी झडप बनवायला घेतली. एक नमुना फसला, दुसरा फसला, तिसरा फसला. कुठे जोड तुटला, कुठे धातू झिजला, कुठे चकती फुटली. चौथ्या वेळी त्यांनी चकतीसाठी साध्या दिसणाऱ्या पण अतिशय चिवट अशा पॉलिथिलीनची निवड केली. 6 डिसेंबर 1990 रोजी ती झडप पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसली. त्यानंतर लाखाहून अधिक चित्रा झडपा बसवल्या गेल्या आहेत.

अशी झडप बाजारात येण्याआधी तिला यंत्रात भराभर उघडझाप करायला लावतात. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे धातूच्या झडपेला किमान 40 कोटी वेळा. म्हणजे माणसाच्या हृदयातली जवळजवळ अकरा वर्षं.

बुरशी आलेल्या चाऱ्यातून आलेली गोळी

धातूची झडप झिजत नाही, पण रक्ताला ती परकी. परक्या पृष्ठभागावर रक्त गोठू पाहतं. म्हणून त्या टॉवेलवाल्या बाईला ऑपरेशननंतर जी गोळी लागते ती जन्मभराची: वॉरफेरिन, किंवा आपल्याकडे बरीच चालणारी तिची बहीण ॲसेनोकुमरॉल.

या गोळीचा जन्म गोठ्यात झाला. 1920 च्या दशकात उत्तर अमेरिकेत गायी-बैल किरकोळ जखमेने रक्त वाहून मरू लागले. कारण निघालं बुरशी आलेला चारा. 1933 च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी बर्फाच्या वादळात सुमारे 300 किलोमीटर गाडी हाकत विद्यापीठात पोचला. सोबत मेलेली कालवड, खराब चाऱ्याचा ढीग आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त. तिथल्या कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या चाऱ्यातलं द्रव्य वेगळं काढलं. त्याचाच पुढचा अवतार 1948 मध्ये बाजारात आला तो उंदीर मारायला! माणसांसाठी परवानगी मिळाली ती 1954 साली.

आपण म्हणतो ‘रक्त पातळ करायची गोळी’. रक्त पातळ होत नाही. यकृत रक्त गोठवणारे काही घटक बनवतं, त्यासाठी त्याला के जीवनसत्त्व लागतं, आणि ही गोळी त्या जीवनसत्त्वाचा फेरवापर अडवते. गोठणं मंदावतं. किती मंदावलं ते आयएनआर नावाच्या रक्ततपासणीत कळतं. गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आकडा एकच्या आसपास. मायट्रलच्या जागी धातूची झडप असेल तर डॉक्टर तो साधारण अडीच ते साडेतीनमध्ये ठेवू पाहतात. हृदयातून महाधमनीत रक्त सोडणाऱ्या दाराला, म्हणजे ॲओर्टिक झडपेला, बहुधा दोन ते तीन पुरतात. खाली गेला तर झडपेवर गुठळी, तिथून सुटली तर मेंदूत, म्हणजे पक्षाघात. फार वर गेला तर रक्तस्राव.

आता के जीवनसत्त्व असतं कशात? मेथी, पालक, चाकवत, आंबटचुका, सगळ्या हिरव्या पाल्यात. जानेवारी धरा. सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस, नंदीध्वजांची मिरवणूक, घरी बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, शेतातला पाला स्वस्त. आठवडाभर रोज पालेभाजी झाली तर आकडा खाली घसरू शकतो. मग एखादी बाई घाबरून पाला कायमचाच बंद करते. तेही चूक. भाजी खावी, फक्त रोज साधारण सारखीच. डॉक्टर गोळीचा डोस तुमच्या ताटाकडे बघूनच बसवतात. ताट एकाएकी बदललं तर डोस फसतो. त्याहून मोठा धोका मेडिकलमधून परस्पर आणलेल्या अंगदुखीच्या गोळ्यांचा आणि अँटिबायोटिकचा.

तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या आल्यात, त्या का नकोत, असं बरेच जण विचारतात. ते करून पाहिलेलं आहे. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत धातूच्या झडपेवर नवी गोळी दिली, तर गुठळ्याही वाढल्या आणि रक्तस्रावही. चाचणी मध्येच थांबवावी लागली. दुसऱ्या नव्या गोळीची चाचणीही 2022 मध्ये अशीच थांबली. धातूच्या झडपेला आजही ती गोठ्यातली जुनीच गोळी लागते.

कमावलेली झडप

ही गोळी टाळायचा एक रस्ता आहे. डुकराची झडप, किंवा गायीच्या हृदयाभोवतीचं आवरण कापून शिवलेली झडप. ती कच्ची बसवली तर शरीर ती खाऊन टाकेल. म्हणून 1960 च्या दशकात फ्रान्सचे अलँ कार्पांतिए यांनी ती ग्लुटाराल्डिहाइडमध्ये मुरवली. चामडं कमावतात तसंच हे. ते रसायन कातडी कमावण्यातही वापरतात. कमावलेल्या झडपेला सहसा तीन ते सहा महिनेच गोळी पुरते, बाकी काही कारण नसेल तर. पण चामड्याची चप्पल शेवटी झिजतेच. या झडपा बहुधा दहा-पंधरा वर्षं चालतात, आणि तरुण शरीरात त्यांच्यावर कॅल्शियम लवकर चढतं.

मग कोणती बरी? अमेरिकेत 1977 ते 1982 या काळात 13 रुग्णालयांतल्या 575 पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा दोन प्रकारच्या झडपा दिल्या आणि पंधरा वर्षं त्यांच्यावर नजर ठेवली. पासष्टच्या आतल्यांत ॲओर्टिक जागी प्राणिज झडप 26 टक्क्यांची निकामी झाली, धातूची एकाचीही नाही. मायट्रल जागी 44 टक्के विरुद्ध 4. रक्तस्राव मात्र धातूवाल्यांना जास्त. म्हणजे दोन्हींची किंमत मोजावी लागते: एकीची दुसऱ्या ऑपरेशनने, दुसरीची रोजच्या गोळीने. 2017 साली आलेल्या कॅलिफोर्नियाच्या मोठ्या अभ्यासात धातूच्या झडपेचा आयुष्याला होणारा फायदा मायट्रल जागी सत्तरीपर्यंत दिसला, ॲओर्टिक जागी पंचावन्नपर्यंत. म्हणून ढोबळ नियम: पन्नाशीच्या आत धातू, पासष्टीनंतर प्राणिज, मधल्यांनी डॉक्टरांसमोर बसून ठरवायचं.

आपल्या बत्तिशीतल्या बाईला नियम धातू सांगतो. पण तिला आणखी एक मूल हवं असेल तर? वॉरफेरिन वारेतून बाळापर्यंत पोचतं. सहाव्या ते बाराव्या आठवड्यात त्याने बाळाच्या घडणीला धोका असतो. त्याऐवजी द्यायची हेपरिनची इंजेक्शनं बाळापर्यंत जात नाहीत, पण ती घेताना झडपेवर गुठळीची भीती वाढते. म्हणून काही तरुण बायका पुढचं ऑपरेशन होणार हे माहीत असूनही कमावलेली झडप निवडतात. हा निर्णय दिवस राहण्याआधी व्हायला हवा. सासूने किंवा नवऱ्याने परस्पर घ्यायचा हा निर्णय नाही.

टिकटिक थांबली तर

धातूची झडप वाजते. रात्री मागांचा आवाज बंद झाला, पंखा मंद केला की उशीवर डोकं टेकलेल्या बाईला स्वतःच्या छातीतली टिकटिक ऐकू येते. सुरुवातीचे महिने झोप उडते, मग सवय होते. ती टिकटिक तिची राखणदारही आहे. एखाद्या दिवशी आवाज दबला, अडखळला, आणि सोबत धाप लागली, तर झडप गुठळीने अडकलेली असू शकते. तेव्हा उद्याची वाट बघायची नसते.

अशा अडकलेल्या झडपेवर आपल्याकडे पुष्कळदा गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज देतात. नाव पुन्हा वाचा. ते स्ट्रेप्टोकोकसच्याच घराण्यातल्या जंतूपासून मिळतं. लहानपणी एकाने झडप बिघडवली, मोठेपणी त्याचा भाऊबंद ती मोकळी करायला आला.

दुसरा धोका दातांतून येतो. मिश्रीने, किडीने हिरड्या सुजल्या की तोंडातले जंतू रक्तात उतरतात आणि परक्या झडपेवर बिऱ्हाड करतात. हा संसर्ग जिवावर बेततो. दात काढण्याआधी दंतवैद्याला ‘माझा वॉल बदललाय’ हे एक वाक्य सांगितलं पाहिजे, म्हणजे तो आधी अँटिबायोटिक देतो आणि गोळीचाही विचार करतो.

मग आयुष्य किती? ॲओर्टिक झडप बदललेल्या माणसांचा स्वीडनमध्ये हिशेब झाला, तर त्यांचं आयुष्य बाकी लोकांपेक्षा सरासरी सुमारे दोन वर्षांनी कमी भरलं. पन्नाशीच्या आतल्यांचं जास्त, साधारण साडेचार वर्षांनी. ही वजाबाकी वाटते खरी. पण ॲओर्टिक झडप पार आक्रसून धाप लागू लागल्यावर काहीच केलं नाही, तर बहुतेकांच्या हाती दोनेक वर्षंच उरतात, हे शेजारी ठेवून बघा. अर्थात ती स्वीडनची माणसं. ठराविक दिवशी रक्त तपासणारी. सोलापूरच्या बाईचा आकडा तिने किती महिने आयएनआर चुकवला त्यावर ठरेल. सर्जनचं काम काही तासांचं. पुढची तीस वर्षं तिच्या हातात, आणि तिच्या घरच्यांच्या.

घरात कुणाचा वॉल बदललेला असेल तर आज त्यांना एकच विचारा: शेवटचा आयएनआर कधी केला आणि आकडा किती आला? उत्तर पटकन आलं नाही तर उद्या सकाळी तपासणीला घेऊन जा. गोळी रोज एकाच वेळी, डोस डॉक्टर सांगतील तोच. आणि घरातल्या पोराचा घसा दुखून दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजले, तर त्याला ‘वाढीचं दुखणं’ म्हणून सोडून देऊ नका. हृदयाच्या डॉक्टरांकडून टू-डी इको करून घ्या. संधिवाती ताप निघाला तर पेनिसिलिनचं इंजेक्शन दर एकवीस दिवसांनी, वर्षानुवर्षं, एकही पाळी न चुकवता द्यावं लागतं. त्यामुळे ताप पुन्हा उलटत नाही आणि झडप वाचण्याची आशा राहते. झडप बदललेल्यांनाही ते इंजेक्शन डॉक्टर सांगेपर्यंत चालू ठेवावं लागतं, कारण उरलेल्या तीन झडपा अजून आपल्याच आहेत.